पहिल्या धारेची

पुस्तकांचं कपाट ढकललं आणि ते दार निघालं. मुंबईतल्या एका जुन्या इमारतीतल्या, बाहेर पाटी नसलेल्या त्या खोलीत जेमतेम बारा खुर्च्या होत्या. ओट्यामागच्या तरुणाने मी काय घेणार हे विचारलंच नाही. "मॅडम, तुम्हाला वास कुठला आवडतो?" एवढंच त्याने विचारलं. मी खरं ते सांगितलं: आंबेमोहोर शिजत आला की झाकणाच्या फटीतून येतो, तो. त्याने क्षणभर विचार केला, दोन-तीन बाटल्या खाली काढल्या, मोठ्या चौकोनी बर्फावर काहीतरी ओतून लांब दांड्याच्या चमच्याने बराच वेळ ढवळलं आणि ओंजळीत मावेल एवढा पेला माझ्यापुढे ठेवला. वर मनुकेसारखं फुगलेलं, तपकिरी रंगाचं एक फूल तरंगत होतं. पेला नाकाशी नेला. वास भाताचाच.

"तांदूळ घातलाय का?"

"नाही मॅडम. मोहाचं फूल आहे."

मला वाटलं, आपल्याच मनाचा खेळ असेल. भाताचं नाव काढलं म्हणून भाताचा वास आला. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की नाकाने मुळीच फसवलं नव्हतं. शिजत्या सुवासिक तांदळाला जो वास येतो त्याच्या मुळाशी एक रेणू आहे, २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलीन. तांदळात तो १९८०च्या दशकात ओळखला गेला. पाण्याच्या एक अब्ज भागांत त्याचा एका भागाचा दहावा हिस्सा असला तरी माणसाच्या नाकाला तो कळतो, इतकं आपलं नाक त्याच्यासाठी तयार आहे. बासमतीत तो आहे, आंबेमोहोरात आहे, मक्याच्या ताज्या लाह्यांत आहे, आणि केवड्याच्या कुळातलं जे पान कोकणात काही घरी साध्या भातात टाकतात, त्यातही आहे. मोहाच्या फुलात हा रेणू कसा तयार होतो, याचा अभ्यास पुणे विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी केला आणि २०११ साली तो प्रसिद्ध झाला. म्हणजे भाताचं खाचर आणि सातपुड्याच्या उतारावरचं मोहाचं झाड, ज्यांचा एकमेकांशी काही नातेसंबंध नाही, एकच सुगंध आपापल्या वाटेने बनवतात. हे वाचल्यावर मला त्या झाडाखाली जाऊन उभं राहायचंच होतं.

पण आधी त्या दाराविषयी. कारण लपवलेल्या दाराची गोष्ट मोहाच्या गोष्टीपासून वेगळी करता येत नाही.

असे छोटे, पाटी नसलेले बार आज जगभर आहेत आणि ते सगळे एका जुन्या बंदीची आठवण काढतात. अमेरिकेत १७ जानेवारी १९२० पासून देशभर दारूबंदी लागू झाली आणि ५ डिसेंबर १९३३ला उठली. मधल्या काळात तिथे चोरटे गुत्ते उगवले. त्यांना 'स्पीकइझी' म्हणत, म्हणजे हळू बोला, शेजारी ऐकतील. दारू वाईट असे, म्हणून तिची चव झाकायला फळांचे रस, मध, साय घालायची पद्धत वाढली. बंदी गेली, गुत्ते विसरले गेले. मग १९९९च्या शेवटच्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये साशा पेट्रास्की या तरुणाने 'मिल्क अँड हनी' नावाची छोटी जागा उघडली. पाटी नाही, मोजक्याच जागा, आवाज हळू, प्रत्येक पेला मोजूनमापून. २००७ मध्ये त्याच शहरात दुसरी एक जागा निघाली, 'पीडीटी'. तिथे आत जायला हॉट डॉगच्या दुकानातल्या टेलिफोनच्या खोक्यात शिरावं लागतं. आता बंदी नव्हती. दार लपवलं होतं ते लक्ष एकवटण्यासाठी: इथे गोंगाटाला येऊ नका, चव घ्यायला या.

मुंबईला मात्र लपलेलं दार न्यूयॉर्ककडून शिकायची गरज नव्हती. मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा. ६ एप्रिल १९५० पासून पूर्ण बंदी आली आणि वांद्रे, माझगाव, धोबीतलाव अशा वस्त्यांतून गोवेकर आणि ईस्ट इंडियन बायकांनी राहत्या घरात दोन बाकं टाकून दारू विकायला सुरुवात केली. हेच ते आंटीचे अड्डे. भिंतीवर मेरीची तसबीर, बशीत उकडलेलं अंडं किंवा चणे, आणि मापाला 'नवटाक'. जुन्या शेर-पावशेराच्या हिशेबातलं हे माप. शेर गेले, पावशेर गेले, पण नवटाक अड्ड्यावरच्या बोलीत टिकला. पुढे कायदा सैल झाला तरी त्याची खूण भाषेत राहिलीच: 'परमिट रूम' हा शब्द महाराष्ट्राबाहेरच्या माणसाला समजावून सांगावा लागतो. कायद्याने आजही दारू प्यायला परवाना लागतो, आणि तो मिळतो प्रकृती टिकवण्यासाठी, असंच त्यात लिहिलेलं असतं.

त्या रात्री मी दुसरा पेला मागवला आणि दुसऱ्यांदा थक्क झाले. पाण्यासारखं नितळ पेय. चव मात्र चहाची, लिंबाची, जायफळाची आणि खाली कुठेतरी दुधाची. दूध घातलेलं पेय आरपार दिसतं कसं? तरुण म्हणाला, "दूध नासवलंय."

आपल्याकडे दूध नासणं म्हणजे सकाळ बिघडणं. इथे ते मुद्दाम करतात. दारू, लिंबू, साखर, चहा आणि मसाला एकत्र करून ते मिश्रण थंड दुधात ओततात. आंबटपणाने दुधातलं केसीन हे प्रथिन एकमेकांना धरून गोळा होतं, पनीर करताना होतं तसंच. हे गोळे होताना चहाचा तुरटपणा देणारी टॅनिनं आणि रंगाचे कण यांना केसीन कवटाळून घेतं. मग ते सगळं कापडातून हळूहळू गाळायचं. पहिल्यांदा गढूळ येतं. तेच परत त्याच चोथ्यावर ओतायचं. आता चोथाच गाळणी बनतो आणि खाली थेंब थेंब नितळ निवळ पडू लागते. तुरटपणा गेलेला, रंग गेलेला, वास राहिलेला, आणि निवळीतल्या उरलेल्या प्रथिनांमुळे जिभेवर रेशमासारखं काहीतरी. हे पेय महिनोन्महिने टिकतं. ही कृती नवी नाही. इंग्लंडमधल्या मेरी रॉकेट या बाईंची १७११ सालची कृती ज्ञात आहे, आणि बेंजामिन फ्रँकलिनने १७६३ साली आपल्या मित्राला पत्रातून अशीच कृती लिहून पाठवली होती. नाव: मिल्क पंच.

आणि 'पंच' हा शब्द? इथे माझ्या अंगावर खरोखर काटा आला. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर १६७०च्या दशकात मुंबई, सुरत आणि गोव्याच्या किनाऱ्यावर वावरत होता. त्याचं प्रवासवर्णन १६९८ मध्ये छापलं गेलं. त्यात तो सांगतो की गोव्यातल्या नेरूळला उत्तम अर्क गाळला जातो आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज त्यापासून एक पेय करतात. त्याचं नाव इथल्या भाषेतल्या पाच या आकड्यावरून पडलं, कारण त्यात पाच जिनसा असतात. शब्दाच्या व्युत्पत्तीवर अभ्यासकांचे वाद आहेत, पण हे पेय हिंदुस्थानातल्या वखारींमधून युरोपात गेलं याविषयी फारसं दुमत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या एका नोकराच्या १६३२च्या पत्रात त्याचा उल्लेख सापडतो. अर्क, लिंबू, साखर, मसाला, पाणी. कडक, आंबट, गोड, सुवासिक, पातळ. आजही कुठल्याही चांगल्या बारमध्ये मिश्र पेयाचा तोल याच पाच बाजूंनी सांभाळतात. 'कॉकटेल' या शब्दाची छापील व्याख्या अमेरिकेत १८०६ साली आली, आणि १८६२ मध्ये जेरी थॉमसने बारच्या कामाचं पुस्तक काढलं तेव्हा सुरुवात केली ती पंचांपासून. मेतकूट-पंचामृतात पाच-सात चवींचा मेळ घालणाऱ्या आपल्या स्वयंपाकाला ही रीत परकी वाटायचं काही कारणच नाही.

पुढच्या चैत्रात मी मोहाचं झाड बघायला कुक्षीला गेले. धारला माझ्या मावशीचं सासर; पवारांच्या संस्थानाच्या काळापासून तिथे मुरलेली जी मराठी घरं आहेत, त्यातलं एक. कुक्षी हा त्या धार संस्थानातलाच मुलूख होता. आज तो मध्य प्रदेशच्या धार जिल्ह्याचा नैर्ऋत्येकडचा तालुका. एका अंगाला नर्मदा, दुसऱ्या अंगाला अलीराजपूरचे डोंगर, बाजारात कापूस आणि लाल मिरची, आणि होळीच्या आधीच्या आठवड्यात भिल्ल-भिलालांचा भगोरिया हाट. कुक्षि म्हणजे संस्कृतात पोट, गर्भ. आपला 'कूस' हा शब्द त्यातूनच आला. गावाच्या नावात कूस असावी आणि तिथे मी एक झाकलेली खोली शोधत यावं, हा योग मला आवडला.

मावसभाऊ मला ज्या फळियावर घेऊन गेला ते गावापासून आत, टेकडीच्या उतारावर होतं. फळिया म्हणजे पाच-दहा घरांची वाडी, घरं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या म्हातारीला सगळे 'माय' म्हणत होते, मीही म्हणू लागले. तिने मला रात्रीच बजावलं, "बाई, ऊन आल्यावर काही बघायला मिळणार नाही. अंधारात ऊठ."

अंधारात उठलो. झाड आधी दिसलं नाही, ऐकू आलं. टप्. टप्. थोड्या वेळाने परत टप्. मोहाची फुलं पाकळ्या ढाळत नाहीत. फुलाचा गोड, मांसल, मलईच्या रंगाचा नळीसारखा पेला अख्खाच्या अख्खा सुटून खाली येतो, पहाटेच्या आधी सुरू होऊन सूर्य वर येईपर्यंत. झाडावर त्या दिवसांत पानं जवळजवळ नसतात. फांद्यांच्या टोकाला घोसच्या घोस. आणि त्या घोसांभोवती वटवाघळं. मोह रात्रीच्या पाहुण्यांसाठी उमलतो: फुलातलं मऊ गोड खायला वटवाघळं येतात आणि जाताना एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर नेतात. त्यांच्यासाठी केलेल्या या मेजवानीतलं जे उरतं, ते सकाळी माणसं वेचतात. अस्वलंही वेचतात, म्हणून बायका एकट्या जात नाहीत.

मायने एक फूल माझ्या हातावर ठेवलं. आतले केसर झटकून मी ते तोंडात टाकलं. आधी रस, मग गोडी, मग घशाशी थोडासा उग्रपणा, आणि नाकातून बाहेर जाताना तो आंबेमोहोर. मला माहीत होतं, तरी मी चमकले.

चिकू आणि मोह एकाच कुळातले आहेत हे कळलं की त्या गोडीचं थोडं आश्चर्य कमी होतं, पण थोडंच. कारण चिकू हे फळ आहे. झाडं फळात साखर भरतात हे आपण गृहीत धरतो. मोह फुलात भरतो. ओलं फूल उन्हात वाळवलं की मनुकेसारखं आकसतं, आणि त्या वाळल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त निव्वळ साखर असते. जगातली बहुतेक सगळी दारू धान्याची, फळांची, उसाची, कंदांची किंवा ताडा-माडाच्या रसाची. धान्यातल्या पिठुळ अंशाची आधी साखर करावी लागते, तेव्हा किण्व कामाला लागतं. त्यासाठी मोड आणा, बुरशी लावा, असा खटाटोप. मोहाला यातलं काहीच नको. फूल, पाणी आणि ऊब. फुलाच्या अंगावर आणि मडक्याच्या भिंतीत किण्व आधीच बसलेलं असतं. चार-सहा दिवसांत मडकं बोलू लागतं. कान लावला तर आत बारीक चुर्र असा आवाज: साखरेचं मद्यार्कात रूपांतर होताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड. आयुर्वेदातले आसव-अरिष्टवाले ही ऊब आणि किण्व आणायला धायटीची फुलं घालतात. मोह स्वतःच फूल आहे.

ही गोष्ट कुणाला पहिल्यांदा सुचली असेल? पडलेली फुलं विसरून गेलेल्या एखाद्या मडक्यातून ती कळली असेल, असं मला वाटतं. पण कळल्यावर ती जपली, वाढवली आणि पोटच्या पोरीला शिकवली, हे आपोआप झालेलं नाही. मी पाहिलेल्या कुठल्याही पेयकृतीपेक्षा ही मोठी कल्पकता आहे, आणि हे मी पूर्ण विचार करून लिहिते आहे.

संध्याकाळी भट्टी लागली. चूल, तिच्यावर आंबलेल्या फुलांचं मडकं, त्यावर दुसरं भांडं, आणि सगळ्यात वर थंड पाण्याने भरलेलं पातेलं. सांधे चिखलाने आणि चिंध्यांनी बंद. वाफ वर जाते, गार बुडाला लागून थेंब होते आणि आतल्या छोट्या भांड्यात पडते. मद्यार्क सुमारे ७८ अंशांना उकळतो, पाणी १०० अंशांना. दोन्ही मिसळलेली असली की उकळी या दोन्हींच्या मधे कुठेतरी येते, पण सुरुवातीच्या वाफेत मद्यार्काचा वाटा जास्त असतो आणि मडकं रिकामं होत जाईल तसा तो घटत जातो. म्हणून आधी येते ती सगळ्यात कडक. मराठीत आपण कुठल्याही अस्सल, जालीम गोष्टीला 'पहिल्या धारेची' म्हणतो, तो शब्दप्रयोग म्हणजे भट्टीवरचं रसायनशास्त्र आहे, आणि तो प्रत्येकाच्या तोंडी आहे. मायकडे थर्मामीटर नव्हता. वरचं पाणी कितीदा कोमट झालं आणि बदलावं लागलं, यावरून ती आत काय चाललंय ते ओळखत होती. मधेच तिने बोटावर थेंब घेऊन तो चुलीत झटकला. निळी ज्योत भक्कन उठली. "अजून आहे," ती म्हणाली.

मुंबईतल्या त्या बारमध्ये ओट्यामागे काचेचं एक फिरतं यंत्र मांडलेलं होतं. तेही हेच करतं. फरक इतकाच की त्यात हवेचा दाब कमी करतात. दाब कमी झाला की उकळी लवकर येते. एव्हरेस्टच्या माथ्यावर पाणी ७१ अंशांच्या आसपासच उकळतं, तसं. त्या यंत्रात मद्यार्क अंघोळीच्या पाण्याएवढ्या उबेवर वाफ होतो, त्यामुळे पुदिना, काकडी, गुलाब यांचे नाजूक वास शिजून बिघडत नाहीत. तरुणाने ते यंत्र मला किती अभिमानाने दाखवलं होतं, आणि त्याचा अभिमान योग्यच होता. मायच्या मडक्यासमोर बसल्यावर मला त्या दोघांची भेट घडवावीशी वाटली. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ एफ. आर. ऑलचिन यांनी १९७९ साली एक लेख लिहिला होता: पेशावरजवळच्या शैखान ढेरी इथे सापडलेली भांडी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, ही ऊर्ध्वपातनाचीच, आणि दारू गाळण्याची कला जगाला इथून मिळाली असावी. विद्वानांमध्ये त्यावर मतभेद आहेत. चिखलाने लिंपलेले ते सांधे पाहताना मला मात्र ऑलचिनांचं म्हणणं पटत होतं.

प्यायच्या आधी मायच्या मुलाने चार थेंब जमिनीवर सोडले. पूर्वजांचे. मग पळसाच्या पानाचा द्रोण फिरला. चार माणसं, एक बाज, मावळतीचा उजेड, आणि मालकीण ठरवेल तेवढंच. या खोलीला तर दारही नव्हतं.

मग हे सगळं लपून का राहिलं? झाडामुळे नाही. कायद्यामुळे. मुंबई इलाख्यात १८७८चा अबकारी कायदा आला आणि घरची भट्टी गुन्हा ठरली. दारू गाळायची ती सरकारी देखरेखीखाली, मक्ता घेणाऱ्यांनी. उरणला मोहाची दारू गाळणाऱ्या मोठ्या भट्ट्या होत्या, बहुतेक पारशी मालकांच्या, आणि तिथून ती मुंबई शहरात येई. फुलं येत गुजरातेतून. इंग्रजांनी मोह बंद केला नाही, फक्त तो ज्यांचा होता त्यांच्या हातून काढून घेतला. १८९२ मध्ये त्याहून पुढची पायरी आली, खास 'म्हवरा कायदा': ठाणे-कुलाबा भागात दारू नव्हे, फुलंच बाळगण्यावर बंधन. जे फूल लोक भाकरीत घालून दुष्काळात जगले, गुराढोरांना चारलं, ते घरात सापडलं तर गुन्हा. स्वातंत्र्यानंतरच्या १९४९च्या कायद्यातही मोहफुलांवरचं नियंत्रण राहिलं. महाराष्ट्र सरकारने फुलं गोळा करण्या-वाहण्यावरची बंधनं उठवली ती २०२१ साली. अमेरिकेची बंदी चौदा वर्षंही टिकली नाही, आणि तिच्या आठवणीत आजही जगभर दारं लपवली जातात. मोह शंभराहून अधिक वर्षं लपून राहिला आणि त्याची कुणी कहाणी केली नाही.

मध्य प्रदेशात आदिवासींना घरापुरती, ठरलेल्या मापात गाळायची मुभा पूर्वीपासून आहे. विकायची नव्हती. २०२२ साली तिथल्या सरकारने मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणून मान्यता देणारं धोरण आणलं आणि ती बनवायचा हक्क आदिवासी स्वसहायता गटांना दिला. कुक्षीच्या शेजारच्या अलीराजपूर जिल्ह्यात तयार होणाऱ्या बाटलीचं नाव 'मोंड', दिंडोरीच्या बाटलीचं 'मोहुलो'. त्याआधी २०१८ मध्ये गोव्यात 'डेस्मंडजी महुआ' बाजारात आली होती, आणि २०२४ मध्ये डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीने 'सिक्स ब्रदर्स महुरा' आणली. गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं २००९ मध्ये; आपल्याच मातीतल्या दारूला मान देता येतो हे तिने आधी दाखवून दिलं होतं. काजू तर पोर्तुगीजांनी आणलेला. मोह इथलाच.

एक गोष्ट मला लपवायची नाही. दारूने मोडलेली घरं त्या फळियावरही होती. मायने दोन घरांकडे बोट दाखवलं आणि पुढे काही बोलली नाही. १९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरातेतल्या हजारो आदिवासींनी देवीच्या नावाने दारू सोडली होती, आणि ते मक्तेदार दारूवाल्यांच्या विरुद्धचं बंडही होतं. विषारी दारूचं म्हणाल तर तो वेगळाच गुन्हा: २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती मेथनॉलने, रसायनाच्या पिंपातून आलेल्या विषाने. फुलाचा त्यात काही हात नव्हता. गाळताना अगदी सुरुवातीचा थोडा उग्र भाग टाकून देणं हे जाणत्या हाताचं काम, आणि मायने ते न सांगता केलं. कारखान्यातही हेच करतात, फक्त मोजून.

मुंबईला परतल्यावर मी त्या कपाटामागच्या खोलीत पुन्हा गेले, मायने दिलेली मूठभर वाळली फुलं घेऊन. तरुणाने ती हुंगली, कोमट पाण्यात भिजत घातली आणि बराच वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्याकडे जी येतात ती जुनी असतात मॅडम. ही याच वर्षीची." त्याने त्यातलं एक फूल स्वतः खाल्लं, एक शेजारच्या सोबत्याला दिलं. पेयात एकही घातलं नाही.

तुम्हाला कधी जमलं तर फाल्गुन-चैत्रात कुक्षीच्या बाजूला जा. झाड महिनाभरही फुलत नाही, तेव्हा आधी विचारपूस करून निघा, आणि पहाटे साडेचारला झाडाखाली उभे राहा. पण फूल उचलण्याआधी विचारा. तिथलं प्रत्येक मोहाचं झाड कुणाच्या ना कुणाच्या घरचं असतं.